मान खाली घालायची नाही



ऑक्टोबरच्या बैठकीत आपल्यातल्याच एकानं मला टोकलं. नाव लिहीत नाही. माझ्याच आळीतला आहे, लहानपणापासून एका ताटात जेवलोय. तो म्हणाला, "रोज कुठं ना कुठं आपल्या माणसावर हात पडतोय, आणि तू कविता कशावर लिहितोस? मानेच्या दुखण्यावर. ऑपरेशनवर. हे तुझं खाजगी झालं गड्या. चळवळीच्या अंकात खाजगी रडगाणं नको." चारजण हसले. मीही हसलो. गळ्यात पट्टा होता म्हणून वाचलो, नाहीतर 'बरोबर आहे' म्हणून मी मानही डोलावली असती. डोलवायची सवयच आहे आपल्याला.

उत्तर द्यायला इतके दिवस लागले, कारण खाली बघून लिहायची बंदी होती. आता पट्टा निघालाय. आता ऐका.

माझी मान खाजगी कधी होती?

इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत मी कामाला लागलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. आता सव्वीस. शाळा नववीपर्यंत. पुढचं जे काय शिकलो ते विहारातल्या कपाटातून आणि रद्दीच्या दुकानातून. गिरणीत ब्लोरूम, कार्डिंग, सिम्प्लेक्स, रिंग, कोनिंग अशी खाती. मधलं सगळं यंत्र करतं. पण दोन टोकांना दोन कामं आहेत, ती माणूस करतो. एका टोकाला रुईच्या गाठी आत घ्यायच्या. एक गाठ १७० किलोची, आकडे लावून ओढायची. दुसऱ्या टोकाला सुताच्या कोनांची पोती बाहेर काढून ट्रकात थप्पी लावायची. एक पोतं ५० किलोचं. ही दोन्ही टोकं ठेकेदाराकडं. आणि ठेकेदाराकडची पोरं कुठली? हजेरीची वही उघडा. आडनावं वाचा. अमक्यांनीच ओझं वाहायचं अशी पाटी कुणी लावलेली नाही. पाटीची गरजच नाही.

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, आणि आमच्या थुंकीनं तो बाटायचा. त्या खात्यात पगार जास्त, म्हणून विटाळही तिथंच. रिंग खात्यात कमी पगारात कुणाला विटाळ होत नव्हता. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या पुढ्यात टाकला, की सगळ्या खात्यांत काम मिळणार असेल तर बोला. आज धोट्याला तोंड लावावं लागत नाही. तोंड सुटलं. मान अडकलेलीच राहिली.

दिवसाला शंभर पोती. शंभर गुणिले पन्नास, पाच टन. रोज. बाहेरच्यांना वाटतं पोतं पाठीवर असतं. नाही. पोतं मानेवर असतं. मानेच्या मागं जो उंचवटा आहे तिथं ते बसतं. डोकं पुढं ढकललं जातं, नजर जमिनीत जाते. फळीवरून ट्रकात चढताना फक्त पुढच्याच्या टाचा दिसतात. चार वर्षं मी माणसांच्या टाचा बघितल्या. तोंडं नंतर, चहाच्या वेळेला.

हे दुखणं माझ्यापासून सुरू झालेलं नाही. १९६८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक लेख छापून आला. डोक्यावर ओझं वाहणाऱ्या आफ्रिकेतल्या माणसांच्या मानेच्या मणक्यांवर. मथळा होता, 'हमालाची मान'. म्हणजे डॉक्टरांनी दुखण्याला नाव दिलं तेही धंद्याचं. आणि आपल्या देशात धंदा कशावरून ठरतो हे ह्या अंकाच्या वाचकाला मी सांगायला नको. मग सांग दोस्ता, हे माझं खाजगी कसं?

२०२३च्या पावसाळ्यात सुरू झालं. आधी मान आखडायची. मग उजव्या खांद्यातून दंडात, दंडातून थेट अंगठ्यापर्यंत कळ. ओल्या हातानं मोटरीचा स्टार्टर धरावा तशी. आडवं झालं की जास्त. हात उचलून डोक्यावर ठेवला की जरा उतरायची. म्हणून दोन वर्षं मी रात्र-रात्र डोक्यावर हात ठेवून बसलो. आय म्हणायची, "डोक्याला हात लावून बसू नको रं लेकरा, अवदसा येती घरात." तिला काय सांगू? अवदसा आधीच येऊन मानेत बसली होती.

आता मी कुणाकुणाकडं गेलो ते सांगतो. लाज वाटते. तरी सांगतो, कारण तुमच्यातले निम्मे आज तिथंच जातायत.

पहिला ठेकेदार. म्हणाला, "एक क्वार्टर मार, सकाळी मोकळा हुतोस का न्हाई बघ." वर म्हणाला, "तुमच्या लोकांच्या मानंला सवय असती की. तुझा बा दोन-दोन पोती घ्यायचा." माझा बा दोन पोती घ्यायचा हे खरं. माझा बा पंचेचाळिसाव्या वर्षी काठी घेऊन चालायला लागला, हे पण खरं. ते ठेकेदाराच्या वहीत नाही.

दुसरा, मान मोडून देणारा. खुर्चीत बसवून दोन्ही हातांनी जबडा धरायचा आणि कडाक. आवाज ऐकून बरं वाटायचं. पुढं एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले, "ह्या मानेला कुणी झटका दिला असता तर?" मी गप्प बसलो. सहा वेळा दिला होता.

तिसरा, बाबा. अमावास्येचा उतारा, नारळ, अकराशे रुपये. आणि गळ्यात काळा दोरा. आयेनं नेलं, मी गेलो. घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्यासमोर मी गळ्यात काळा दोरा बांधून भात खातोय. १९३६ साली छापलेल्या त्या भाषणात, जे त्यांना करू दिलं नाही, बाबासाहेबांनी लिहिलंय की पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडकं बांधून फिरावं लागे, थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून. ते मडकं दुसऱ्यांनी बांधलं होतं. हा दोरा मी स्वतः अकराशे रुपये देऊन बांधून घेतला. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या. आमच्या घरात त्या काचेत लावलेल्या आहेत. काच पुसतो आम्ही रोज. वाचत नाही.

चौथा, सुई टोचणारा. दीडशे रुपयांत दोन दिवसांची झोप. तिसऱ्या दिवशी परत शंभर पोती.

ह्या चौघांत एक गोष्ट सारखी होती. चौघांपैकी एकानंही विचारलं नाही, तू काम काय करतोस. ठेकेदाराला तर ठाऊकच होतं.

मग एके दिवशी बोटांतून पेन गळालं. हसू नका. मी कवी आहे, माझ्याकडं तेवढंच हत्यार आहे. शर्टाचं बटण लागेना. डब्याचं झाकण निघेना. चालताना पाय कापसावर पडल्यासारखे वाटायचे. आणि गिरणीत पाय कापसावरच पडतात, म्हणून कळायला उशीर झाला. २०२५च्या मेमध्ये फळीवरून पोत्यासकट खाली आलो. पोतं बाजूला पडलं म्हणून आज लिहितोय. मुकादमानं आधी पोतं उचललं.

विहारातले तात्या मला कामगार विम्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथं पहिले दोन आठवडे नुसत्या गोळ्या. तिसऱ्या खेपेला एका तरुण डॉक्टरनं गुडघ्यावर, कोपरावर छोटी हातोडी मारून बघितली. मला सरळ रेषेत चालायला लावलं. चाललो. त्याचा चेहरा बदलला. एमआरआयला पाठवलं. बोगद्यात पडून राहायचं, कानाशी यंत्राची ठकठक. मला रिंग खात्याची आठवण झाली.

मानेत सात मणके असतात. दोन मणक्यांच्या मधे गादीसारखी चकती. आपल्याकडं म्हणतात मणक्यात 'गॅप' आहे. गॅप-बिप काही नसतं. माझ्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली चकती फुटून मागं सरकली होती आणि मज्जारज्जूवर बसली होती. मज्जारज्जू म्हणजे मेंदूकडून हातापायांकडं जाणारी मुख्य केबल. पाचव्या मणक्याखाली ती दाबली गेली की हात तर जातातच, पाय पण जातात, लघवीवरचा ताबा पण जातो.

मिरजेच्या हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरांनी फॉर्म भरताना विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे हा त्रास?" मी म्हणालो, "आहे डॉक्टर. खानदानी आहे. आज्याला होता, बाला आहे, आय डोक्यावर उसाची मोळी वाहायची, तिलाही आहे." ते म्हणाले, "म्हणजे आनुवंशिक?" मी म्हणालो, "तसंच म्हणा. पण रक्तातून नाही आलं. कामातून आलं." माणूस चांगला. पेन खाली ठेवून त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग फॉर्मवर लिहिलं, व्यवसाय: ओझी वाहणे. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते लिहिलं.

त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मी तुमच्यासाठी जशीच्या तशी घेऊन आलोय. मानदुखीच्या बहुतेक माणसांना ऑपरेशन लागत नाही. वेळेवर औषध, थोडी विश्रांती, व्यायाम आणि ओझं बंद, एवढ्यावर बहुतेकांचं काही आठवड्यांत उतरतं. ऐकून मी पलंगावर सुन्न बसलो. म्हणजे मीही सुईशिवाय, चाकूशिवाय बरा होऊ शकलो असतो! गोळ्या मेडिकलात मिळतात. व्यायाम फुकट आहे. पण 'ओझं बंद' हे औषध मेडिकलात मिळत नाही. ते फक्त मालकाकडं मिळतं, आणि मालक देत नाही. बंद केलं की हजेरी बंद. हजेरी बंद की चूल बंद.

म्हणजे माझ्या मानेला चाकू लागला तो फक्त चकतीमुळं नाही. ओझं थांबवायची मला मुभा नव्हती, म्हणून लागला. हे नीट वाचा. माझं सगळं भांडण ह्या एका ओळीत आहे.

आता विम्याचं. ते भीक नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. मजूर खातं त्यांच्याकडं. त्याच काळात, १९४३ साली, सरकारनं प्राध्यापक अडारकरांना औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायला सांगितलं. १९४४ला अहवाल, १९४८ला कायदा, १९५२ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू. आपण बाबासाहेबांना संविधानाच्या पुस्तकासकट पुतळ्यात उभं केलं. पण मजुराच्या पगारपत्रकावर पाऊण टक्का कापला जातो, त्या ओळीतही बाबासाहेब आहेत. तिथं आपण त्यांना कधी शोधलं नाही. मालकानं सव्वातीन टक्के भरायचे, मजुरानं पाऊण. मजुरी महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असणाऱ्याला हा हक्क. आजारपणाच्या रजेत ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के मजुरी. लांबणाऱ्या ३४ आजारांची एक यादी आहे, त्यांना ऐंशी टक्के, आणि मुदत दोन वर्षांपर्यंत वाढू शकते. त्या यादीत मणक्यातली चकती सरकणं आहे! आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक होतं? मलाही नव्हतं.

पण हक्काला एक फाटक आहे. सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ मी दीडशेच्या आसपास दिवस भरले. ठेकेदारानं दाखवले ६१. पैसे माझ्या पगारातून सगळ्या दिवसांचे कापले, वर भरले एकसष्टचे. खिडकीवरच्या माणसानं कॉम्प्युटरकडं बघून सांगितलं, "बसत नाही तुमचं." सतरा दिवसांसाठी माझे हात, माझे पाय बसत नव्हते.

मित्रांनो, आता कवितेबद्दल. मी कविता लिहितो त्या लोडिंगच्या चिठ्ठ्यांच्या मागं. पांढरा कागद विकत घ्यायची चैन नाही. प्रत्येक चिठ्ठीवर तारीख, ट्रकचा नंबर, पोत्यांचा आकडा आणि मुकादमाची सही. आयेनं त्या सगळ्या पत्र्याच्या डब्यात जपल्या होत्या, पोराच्या कविता म्हणून. तिला वाचता येत नाही. मी, तात्या आणि आपल्या वाचनमंडळाची दोन पोरं तो डबा घेऊन विमा कचेरीत गेलो. त्या सहा महिन्यांतल्या वेगवेगळ्या तारखांच्या ११२ चिठ्ठ्या निघाल्या. साहेबांनी एक उलटी करून कविता वाचली, परत सुलटी केली, तारीख बघितली. ठेकेदाराला बोलावणं गेलं. आठ दिवसांत वर्गणी भरली गेली.

मला समीक्षक विचारतात, दलित कवितेचं प्रयोजन काय. हे घ्या प्रयोजन.

ऑगस्ट २०२५मध्ये ऑपरेशन झालं. आळीत सगळे म्हणत होते, मानेचं ऑपरेशन केलं की माणूस लुळा पडतो. धोका असतो. डॉक्टरांनी लपवला नाही. चित्र काढून सांगितलं, काय बिघडू शकतं आणि किती क्वचित. पण केलंच नाही तर काय होणार हे पण सांगितलं. दाबलेली केबल आपोआप सुटायची वाट बघणं म्हणजे लुळं पडायची वाट बघणं. भीतीच्या दोन्ही बाजू तराजूत टाका, मग ठरवा. नुसती एक बाजू टाकून दुसऱ्याला घाबरवू नका.

मला वाटलं होतं मागून कापतील. पुढून कापतात. गळ्याच्या एका अंगाला दोन-तीन बोटांएवढी चीर. श्वासनळी, अन्ननलिका हळूच बाजूला सारतात. फुटलेली चकती काढून टाकतात. तिच्या जागी छोटा पिंजरा बसवतात, त्यात हाडाचा चुरा. वर टायटॅनियमची पट्टी आणि चार स्क्रू. पुढच्या काही महिन्यांत दोन मणके जुळून एक होतात. शुद्धीवर आलो तेव्हा पहिल्यांदा अंगठा हलवून बघितला. हलला. आणि ती दोन वर्षांची कळ, ओल्या स्टार्टरची, ती नव्हती. मी रडलो. नर्सबाई म्हणाल्या, "दुखतंय का?" मी म्हणालो, "न्हाई, दुखत न्हाई म्हणून."

सगळं बरं झालं असं खोटं सांगणार नाही. दोन आठवडे घास गिळताना गळा दुखायचा. आवाज बसला होता, घोषणेच्या कामाचा नव्हता. अंगठ्याचं टोक अजून बधिर आहे. मज्जारज्जूवर जितके दिवस ओझं राहतं तितकं परत येणं अवघड, असं डॉक्टर म्हणाले. दोन वर्षं मी ठेकेदाराला दिली, त्याचं हे व्याज.

शेजारच्या खाटेवर एक काका होते. त्यांचंही तेच ऑपरेशन. पहिल्या दिवशी आडनाव विचारलं. मग गाव. मग तिसरा प्रश्न, "गावात कुठं?" मी म्हणालो, "विहाराजवळ." त्यांच्या घरच्यांनी माझ्याकडं केलेला लाडवांचा डबा हवेतच वळला आणि परत पिशवीत गेला. एमआरआयच्या फोटोत आडनाव दिसत नाही. दोघांच्या मानेत सारखी पट्टी, सारखे स्क्रू. डब्याला मात्र बरोबर कळलं.

घरी सोडताना डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. ओझं उचलू नये. मानेला झटका देऊ नये. आणि तिसरं, मान खाली घालू नये. मी तो कागद एसटीत तीनदा वाचला. मान खाली घालू नये! माझ्या आज्याच्या, पणज्याच्या मानेसाठी असं कुणी लिहून दिलं होतं का कधी? त्यांना सगळं उलटं लिहून दिलेलं होतं. पाटलापुढं खाली, देवळापुढं खाली, पोत्याखाली खाली. मग आठवलं, एकानं दिलं होतं लिहून. २६ जानेवारी १९५०पासून लागू, कलम १७. आमच्याकडं तो कागदही काचेत आहे.

मराठीत मान दोन आहेत. ती मान आणि तो मान. आपण भाषणात कायम 'तो'बद्दल बोलतो. भिंतीवर रंगवतो, ताठ मानेनं जगा. पण जी 'ती' आहे, सात मणक्यांची, तिच्यावर पन्नास किलोचं पोतं ठेवून कुठला 'तो' उभा राहतो ते मला दाखवा.

सप्टेंबरात गिरणीच्या फाटकावर गेलो, रजेच्या कागदावर ठेकेदाराची सही पाहिजे होती. त्याची वही एका बुटक्या टेबलावर असते. सही करायला प्रत्येकाला कमरेत वाकावं लागतं, तो खुर्चीत मागं रेलून बघतो. म्हणाला, "कर की सही, वाक जरा." मी म्हणालो, "वाकता येत नाही. वही वर द्या." म्हणाला, "काय?" मी डॉक्टरांचा कागद पुढं केला. मागं लायनीत अकरा पोरं उभी होती. त्यानं वही उचलली आणि माझ्या छातीपुढं धरली. मी सावकाश सही केली. पूर्ण नाव लिहिलं. माझ्यामागच्या पोराला मानेचं काहीही झालेलं नव्हतं. तोही म्हणाला, "वर द्या."

दोस्ता, ह्याला मी विद्रोह म्हणतो. तू काय म्हणतोस?

आता गिरणी म्हणते, तुला हलकं काम नाही. चार वर्षं जड काम होतं, हलकं एकही नाही! भांडण चालू आहे, आणि ते एकट्याचं ठेवायचं नाही, म्हणून हा लेख. १९४८च्या फॅक्टरी कायद्यात कलम ३४ होतं, इजा होईल इतकं जड ओझं कुणालाही उचलायला लावू नये. माझी मान मोडली तेव्हा ते कलम जिवंत होतं. २१ नोव्हेंबर २०२५ला तो कायदा जाऊन त्याच्या जागी नवी संहिता आली. विम्याचा १९४८चा कायदाही तसाच दुसऱ्या संहितेत गेला. कायद्यानं कपडे बदलले. पोत्यानं वजन बदललेलं नाही. १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं शिफारस केली, एका पुरुषानं जास्तीत जास्त ५५ किलो उचलावं. आमचं पोतं ५० किलोचं. मालक म्हणेल, बघा, नियमात आहे. पण एका पोत्यानं मान मोडत नाही. शंभराव्या पोत्यानं मोडते, चौथ्या वर्षी मोडते. आणि शंभर हा आकडा गिरणीच्या सुरक्षेच्या कुठल्याच फलकावर नाही.

म्हणून मागणं असं.

पोतं लहान करा. जिथं ढकलगाडी चालते तिथं माणसाची मान चालवायची नाही. फळीऐवजी पट्टा लावा, सूत वर चढवायचा पट्टा, माझ्या गळ्यात होता तो नव्हे.

प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार पगाराच्या चिठ्ठ्या तपासायचा. ज्याला मोबाइलवर विम्याचे दिवस बघता येतात त्यानं दहा जणांचे बघून द्यायचे. ७८च्या खाली दिसला की त्याच आठवड्यात कचेरी गाठायची, आजारी पडायची वाट बघायची नाही. कामाच्या तारखा स्वतः लिहून ठेवा. कविता येत नसेल तर नुसत्या तारखा लिहा.

आणि हे पाठ करा, घोषणेसारखं. मानेतून हातात कळ जाते आणि हाताची ताकद कमी होतेय, डॉक्टर गाठा. बटण लागत नाही, पेन गळतंय, चालताना तोल जातोय, लघवी-संडासवरचा ताबा जातोय, मग एक दिवस थांबू नका. मान मोडणाऱ्याकडं नाही, बाबाकडं नाही, गुत्त्यावर नाही. दवाखान्यात, आणि तिथं सांगा तुम्ही काम काय करता. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.

चळवळीला शरीराची लाज वाटते असं मला कधीकधी वाटतं. आपण मेलेल्यासाठी मोर्चा काढतो, ते काढलेच पाहिजेत. पण जो रोज पाच टनाखाली थोडा-थोडा मरतो त्याचा मोर्चा कुठून निघणार? विनयपिटकात गोष्ट आहे. एक भिक्खू आजारी, स्वतःच्या घाणीत पडलेला, आणि बाकीचे भिक्खू त्याच्याकडं बघत नव्हते. बुद्धानं त्यांना प्रवचन दिलं नाही आधी. आनंदाला पाणी आणायला सांगितलं, आपल्या हातानं त्या भिक्खूवर पाणी ओतलं, आनंदानं त्याला धुतलं, दोघांनी उचलून बिछान्यावर ठेवलं. बोलला नंतर. आपण आधी बोलतो आणि पाणी आणायचं विसरतो.

तर दोस्ता, माझ्याच आळीतल्या, माझ्याच ताटातल्या दोस्ता. तुझ्यावर राग नाही. पुढच्या बैठकीला ये, आणि येताना तुझ्या बाला घेऊन ये. मार्केट यार्डात वीस वर्षं पोती वाहतोय तो. आपली भिंत एक आहे. मला ऐकू येतं, तोही रात्री झोपत नाही. काल पहाटे पाण्याला उठलो तर ओट्यावर बसला होता.

उजवा हात डोक्यावर ठेवून.

जयभीम.